फॅक्सच्या पावतीवरील शब्द

११ जून १९९६ रोजी बंगळूर येथील एका रेशीम-निर्यातदार संस्थेने अमेरिकेतील आपल्या गिऱ्हाईक कंपनीला फॅक्सयंत्राने एक नोटीस पाठविली. विकलेल्या मालापोटी ७२ हजार डॉलरांहून काही अधिक रक्कम येणे होती. तिच्या फेडीसाठी मिळालेल्या पुढील तारखांच्या चेकांपैकी दोन चेक न वटता परत आले होते. दुसऱ्या दिवशी तीच नोटीस संस्थेने रजिस्टर टपालानेही रवाना केली. ती २५ जून रोजी पोहोचली. पैसे मात्र आले नाहीत. अखेर ८ ऑगस्ट रोजी संस्थेने फौजदारी फिर्याद दाखल केली.

न वटलेल्या चेकांसंबंधीच्या कायद्याचा सारा हिशेब दिवसांचा आहे. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत चेक देणाऱ्याने रक्कम चुकती केली नाही, म्हणजे गुन्हा पुरा होतो. आणि तेथून एक महिन्याच्या आत फिर्याद करावी लागते. टपालाने पोहोचलेल्या नोटिशीपासून दिवस मोजले, तर ही मुदत ऑगस्टच्या दहा तारखेच्या सुमारास संपत होती, म्हणजे फिर्याद वेळेत होती. फॅक्सपासून मोजले, तर तीच मुदत जुलैच्या अखेरीसच संपून गेली होती. फॅक्सने गेलेली नोटीस ही कायद्याला अभिप्रेत असलेली लेखी नोटीस होय की नव्हे, एवढ्या एका प्रश्नावर सारे प्रकरण येऊन ठेपले. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, ती लेखी नोटीस होय. १९८८ साली ही तरतूद कायद्यात घालताना अशा नव्या साधनांची संसदेला जाणीव होती असेच धरून चालले पाहिजे. फॅक्स पोहोचला त्याच दिवसापासून मुदत मोजावयाची, आणि म्हणून बंगळूरच्या संस्थेची फिर्याद मुदतबाह्य ठरली. तत्परतेने पाठविलेला कागद पाठविणाऱ्याच्याच अंगावर आला. पुढे २००२ सालच्या दुरुस्तीने, सबळ कारण दाखविल्यास असा उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. परंतु या संस्थेला त्याचा लाभ मिळण्याजोगा नव्हता.

'सिल इम्पोर्ट विरुद्ध एक्झिम एड्स सिल्क एक्स्पोर्टर्स' या नावाने कायद्याच्या ग्रंथांत नोंदलेल्या या खटल्यात फॅक्स पोहोचला किंवा नाही, याविषयी वाद नव्हता. परंतु तसा वाद निघाला असता तर? तेव्हा दोन्ही पक्षांच्या वकिलांना एका चिटोऱ्याकडे वळावे लागले असते. फॅक्सयंत्र प्रत्येक खेपेनंतर, किंवा मागितल्यास, एक लहानशी पावती छापून देते. तिच्यावर तारीख, वेळ, पलीकडचा क्रमांक, लागलेला अवधी, पानांची संख्या, 'जी३', 'ईसीएम' अशी काही अक्षरे आणि शेवटी 'ओके' हा शब्द असतो. कचेरीतील कारकून तेवढा शेवटचा शब्द पाहतो आणि पावती फाइलीला लावतो. इतर अक्षरांचा अर्थ काय, आणि मुख्य म्हणजे तो 'ओके' नेमका कोणी कोणाला म्हटलेला असतो, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रथम 'फॅक्स' या शब्दाकडे वळू. तो 'फॅक्सिमिली' या शब्दाचा तुकडा होय. मूळ लॅटिन शब्दांचा अर्थ 'तसेच कर' असा आहे. तारायंत्राने अक्षरांचे संकेत जातात. फॅक्सने अक्षरांचे रूप जाते. तारमास्तराला मजकूर वाचता आला पाहिजे, फॅक्सयंत्राला त्याची गरज नसते. कानडी, मराठी, हिशेबाचे कोष्टक, सही, शाईचा डाग, हे सारे त्याच्या लेखी सारखेच असते, म्हणजे पांढऱ्या जागेतील काळे ठिपके.

ही कल्पना टेलिफोनहूनही जुनी आहे, हे ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. अलेक्झांडर बेन या स्कॉटिश घड्याळजीने १८४३ साली तिचे पेटंट घेतले. दोन गावी दोन लंबक असावेत, एका लंबकाच्या टोकाने मूळ आकृतीवरून एक एक रेघ चाचपीत जावे आणि दुसऱ्याने त्याच क्षणी, त्याच जागी, कागदावर खूण उमटवावी, अशी ती योजना होती. पुढे इटलीतील धर्मगुरू जोव्हान्नी कासेल्ली याने तिचे व्यवहारात चालणारे यंत्र बनविले आणि १८६५ साली पॅरिस व ल्यों या शहरांच्या दरम्यान त्याची सेवा सुरू झाली. बेलला टेलिफोनचे पेटंट मिळाले ते त्यानंतर ११ वर्षांनी. कासेल्लीच्या यंत्राचा उपयोग मुख्यत्वे पेढ्यांच्या व्यवहारांत सह्या पडताळण्यासाठी होत असे. फॅक्सचा आणि पैशाच्या पुराव्याचा संबंध असा जन्मापासूनचा आहे.

बेनच्या योजनेतील खरी अडचण दोन लंबकांचा मेळ राखण्याची होती. एक जरा मागे पडला की चित्र तिरपे होई. या मेळ राखण्यास तंत्रज्ञ 'सिंक्रोनायझेशन' म्हणतात. मराठीत 'समकालन' म्हणता येईल. कचेरीतील जाळ्यांच्या भाषेतही हा शब्द पुन्हा भेटतो, आणि तेथेही त्याचा अर्थ मुळात हाच असतो की दोन दूरच्या यंत्रांना आपण कोणत्या ठिकाणी आहोत याविषयी एकमत राखावयाचे आहे.

बंगळूरला या विद्येचा मोठा परिचय घडला तो वृत्तपत्राच्या निमित्ताने. मद्रासचे 'द हिंदू' हे दैनिक १९६९ साली कोइमतूर येथून व १९७० साली बंगळूर येथून फॅक्सिमिली पद्धतीने छापले जाऊ लागले. मद्रासला जुळविलेल्या पानाचे रूप तारेवरून येई आणि येथे त्यावरून छपाई होई. सकाळी बंगळूरच्या वाचकाच्या हाती पडणारे पान रात्री ठिपक्यांच्या रूपाने प्रवास करून आलेले असे. कचेरीच्या टेबलावर मावणारे यंत्र मात्र पुढे आले, आणि त्याचा संबंध पावतीवरील 'जी३' या अक्षरांशी आहे.

'जी' म्हणजे ग्रुप, अर्थात वर्ग. जिनेव्हा येथील आंतरराष्ट्रीय तार-टेलिफोन समितीने फॅक्सयंत्रांचे वर्ग ठरवून दिले. १९६८ सालच्या पहिल्या वर्गातील यंत्रांना एक पान पाठविण्यास सुमारे सहा मिनिटे लागत, १९७६ सालच्या दुसऱ्या वर्गाला तीन, आणि १९८० साली ठरलेल्या तिसऱ्या वर्गाला एखादे मिनिट. चौथा वर्गही पुढे आला, परंतु तो साध्या टेलिफोन-तारेसाठी नव्हता आणि सर्वसामान्य कचेऱ्यांत रुजला नाही. आपण ज्याला फॅक्स म्हणतो तो बहुधा तिसऱ्या वर्गाचा. या वर्गीकरणाचे महत्त्व वेगापेक्षा वेगळ्या गोष्टीत आहे. एका कारखान्याचे यंत्र दुसऱ्या कारखान्याच्या यंत्राशी बोलू शकते ते अशा सर्वमान्य नियमसंचामुळे. या नियमसंचासच 'प्रोटोकॉल' म्हणतात. राजदूतांच्या शिष्टाचारालाही हाच शब्द आहे, आणि तो येथे चपखल बसतो: कोणी आधी बोलावे, कोणी उत्तर द्यावे, उत्तर न आल्यास किती वेळ थांबावे, हे सारे आधीच ठरलेले असते.

हा शिष्टाचार कानांनी ऐकता येतो. ज्यांनी गल्लीतील एसटीडी-पीसीओ बूथवर उभे राहून फॅक्स पाठविला असेल, त्यांना 'फॅक्स टोन द्या' हे वाक्य आठवत असेल. पलीकडच्या माणसाने बटण दाबले की एक तीव्र, एकसुरी शीळ ऐकू येई आणि त्यामागून घरघर सुरू होई. त्या आवाजांना क्रम आहे. फोन लावणारे यंत्र दर साडेतीन सेकंदांनी अर्धा सेकंद ११०० हर्ट्झची हाक देत राहते. 'मी माणूस नव्हे, यंत्र आहे' असा तिचा अर्थ. उत्तर देणारे यंत्र सुमारे तीन सेकंद २१०० हर्ट्झचा अखंड सूर लावते. तारेवरील प्रतिध्वनी दाबून टाकणारी उपकरणे त्या सुराने बाजूला सरतात आणि वाट मोकळी होते. त्यानंतरची घरघर म्हणजे 'हँडशेक'.

'हँडशेक'चे भाषांतर 'हस्तांदोलन' असे करण्याची रीत पडली आहे. परंतु आमच्या मते बैलबाजाराचा दृष्टान्त अधिक समर्पक ठरेल. तेथे दोन दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवितात, तसाच हा सौदा आहे. उत्तर देणारे यंत्र प्रथम आपली कुवत सांगते: मला अमुक वेग झेपतो, अमुक रुंदीचा कागद आहे, बारीक रेघोट्या उमटविता येतात, चुका दुरुस्त करता येतात. हा संवाद सेकंदाला ३०० बिट एवढ्या मंद व भरवशाच्या वेगाने होतो. पाठविणारे यंत्र त्यातून निवड करून 'तर मग आपण असे करू' म्हणून कळविते, आणि लगेच ठरलेल्या वेगाने दीड सेकंदपर्यंत नुसती शून्ये पाठवून तार पारखते. ती शून्ये नीट पोहोचली तर पलीकडून होकार येतो. न पोहोचली तर नकार येतो आणि दोघेही एक पायरी खाली उतरून पुन्हा प्रयत्न करतात. पावतीवर एरवीपेक्षा दुप्पट वेळ लागल्याचे दिसले, तर पुष्कळदा सौदा खालच्या भावात तुटला असे समजावे.

येथे 'बॉड' आणि 'बिट' या दोन शब्दांचा घोटाळा दूर केला पाहिजे. यंत्रांच्या माहितीपत्रकांतही तो सर्रास आढळतो. बिट म्हणजे शून्य किंवा एक यांपैकी एक अंक. बॉड हे माप फ्रेंच तार-अभियंता एमिल बोदो याच्या नावावरून आलेले असून, तारेवरील संकेत सेकंदात किती वेळा बदलतो हे ते सांगते. टांग्याच्या फेऱ्या आणि टांग्यातील उतारू यांत जो फरक, तोच येथे आहे. ९६०० बिटांचा फॅक्स तारेवर सेकंदाला २४०० फेऱ्या करतो आणि दर फेरीत चार बिट नेतो. हे काम ज्या उपकरणाकडे असते ते 'मोडेम'. अंकांना आवाजाचे रूप देणे हे मॉड्युलेशन, आणि आवाजातून पुन्हा अंक काढणे हे डिमॉड्युलेशन. दोन्ही शब्दांची टोके जुळवून हे नाव झाले. टेलिफोनची तार मनुष्याच्या वाणीसाठी, सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्या पट्ट्यासाठीच घडविलेली असल्यामुळे अंकांना हा वाणीचा वेष घ्यावा लागतो.

बंगळूरकरांना तारेची ही बाजू सांगावयास नको. १९४८ साली स्थापन झालेला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा कारखाना याच शहरातला. त्याच्या भोवतालच्या वसाहतीचे नावच मुळी दूरवाणीनगर आहे. (आपण मराठीत 'दूरध्वनी' म्हणतो, कानडीत 'दूरवाणी'. यंत्राचा विचार करता 'ध्वनी' बरोबर, त्याच्या प्रयोजनाचा विचार करता 'वाणी' बरोबर. फॅक्सने मात्र दोन्ही शब्दांना पेचात टाकले.) जुन्या एक्स्चेंजांतील खटखट चढत-उतरत जाणारे यांत्रिक निवडक तारेवर करकर उत्पन्न करीत. माणसाचा कान ती सोडून देतो, मोडेमला ती सोडता येत नाही. पुढे अंकीय एक्स्चेंजे आली. सी-डॉट या भारतीय संस्थेने रचलेले १२८ जोडण्यांचे पहिले ग्रामीण एक्स्चेंज १९८६ साली बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे बसविण्यात आले. अशा एक्स्चेंजांमुळे ही करकर पुष्कळ शमली.

आता प्रत्यक्ष पानाकडे वळू. यंत्र पानाची एक एक आडवी रेघ वाचते आणि प्रत्येक रेघेचे १७२८ ठिपके करते. साध्या प्रतीच्या पाठवणीत एका मिलिमीटरमध्ये ३.८५ रेघा असतात आणि 'फाइन' हे बटण दाबल्यास ७.७. ए-४ आकाराच्या पानाचे साध्या प्रतीत जवळजवळ वीस लक्ष ठिपके होतात. ते जसेच्या तसे पाठविले, तर ९६०० च्या वेगानेही साडेतीन मिनिटांच्या आसपास लागतील. मग एका मिनिटात पान जाते कसे? त्याचे रहस्य 'कॉम्प्रेशन' या शब्दात, म्हणजे मजकूर आवळून पाठविण्यात आहे. यंत्र प्रत्येक ठिपका वेगळा सांगत बसत नाही; 'इतके पांढरे, मग इतके काळे' अशा ओळीने पट्ट्या सांगते. शिवाय ज्या पट्ट्या वारंवार येतात त्यांना आखूड संकेत दिलेले असतात. लागोपाठ दोन किंवा तीन काळे ठिपके, ही लेखणीच्या रेघेची नेहमीची जाडी. त्यांना केवळ दोन बिट पुरतात. कोरी रेघ, म्हणजे १७२८ पांढरे ठिपके, सतरा बिटांत सांगून होते. मोर्सनेही तारेच्या लिपीत नेहमीच्या अक्षरांना आखूड खुणा दिल्या होत्या; हे तत्त्व शास्त्रशुद्ध रीतीने मांडले ते डेव्हिड हफमन याने, १९५२ साली.

देवनागरी लिहिणाऱ्यांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपली शिरोरेषा या पद्धतीला सोयीची आहे, कारण लांबलचक काळी पट्टी थोडक्या संकेतांत जाते. मात्र कागद जरा तिरपा सरकला की तीच रेषा पायऱ्यापायऱ्यांची होऊन लाभ नाहीसा होतो. अनुस्वाराची गोष्ट याउलट. साध्या प्रतीत दोन रेघांमधील अंतर पाव मिलिमीटरहून किंचित अधिक असते. अर्ध्या मिलिमीटरचा टिंब त्यात एक-दोन रेघांपुरताच उरतो. तारेवर एखादी रेघ बिघडली तर तो खालच्या मात्रेला चिकटतो किंवा पुसला जातो. ज्या पत्रात 'नाही' आणि 'नाहीं' यांचा नव्हे, तर रकमेच्या दशांशचिन्हाचा प्रश्न आहे, ते 'फाइन' प्रतीतच पाठवावे.

आणि आता पावतीवरील 'ईसीएम'. ही अक्षरे 'चूक सुधारण्याची रीत' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आहेत. ही रीत चालू नसेल, तर पान वाहत्या पाण्यासारखे जाते. मध्ये बिघडलेली रेघ बिघडलेलीच राहते आणि पान चालण्याजोगे आहे की नाही याचा निवाडा घेणारे यंत्र आपल्या अंदाजाने करते. ही रीत चालू असेल, तर पान लहान लहान गठ्ठ्यांत बांधले जाते, सामान्यतः २५६ अष्टकांच्या, म्हणजे आठ-आठ बिटांच्या २५६ गटांच्या. प्रत्येक गठ्ठ्यास क्रमांक असतो आणि शेवटी एक पडताळा-संख्या असते. वाण्याने यादीखाली बेरीज लिहावी आणि घरी ती पुन्हा करून पाहावी, तसाच हा प्रकार. बेरीज न जुळल्यास घेणारे यंत्र 'अमुक अमुक क्रमांकाचे गठ्ठे पुन्हा पाठवा' असे सांगते. म्हणून ज्या पावतीवर 'ईसीएम' आहे तिच्यावरील 'ओके' अधिक वजनाचा, असे मानण्यास हरकत नाही.

अशा रीतीने पान संपले की पाठविणारे यंत्र 'पान झाले, आणखी आहे' किंवा 'सर्व झाले' असे कळविते आणि गप्प राहून वाट पाहते. पलीकडून 'मिळाले' असा एक ठराविक संकेत येतो. तो आला की आपले यंत्र 'ओके' छापते, न आला तर चुकीचा क्रमांक छापते. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. पावती छापली जाते आपल्या कचेरीत, परंतु तीवरील शब्द उच्चारलेला असतो पलीकडच्या यंत्राने. टपाल खात्याच्या पोहोचपावतीवर पत्र घेणाऱ्याची सही असते, तिच्याशी याचे साम्य आहे ते एवढ्यापुरते.

मग भेद कोठे आहेत? 'मिळाले' म्हणजे पान यंत्राला मिळाले. ते कागदावर उमटले की कागद संपल्यामुळे यंत्राच्या स्मृतीतच पडून राहिले, हे तो संकेत सांगत नाही. ते कोणी वाचले का, हे तर नाहीच नाही. कारकुनाने कागद उलटा घातला असेल, तर कोरे पान जाते आणि त्यालाही यंत्र तितक्याच निःशंकपणे 'ओके' म्हणते. तेव्हा ज्या पावतीवर पाठविलेल्या पानाची लहान प्रतिमाही छापलेली असते, ती अधिक विश्वसनीय. ही सोय पुष्कळ यंत्रांत आहे, आणि कायदेशीर कागद पाठविणाऱ्याने ती बंद ठेवणे म्हणजे निष्काळजीपणा होय. पावतीवरील वेळ ही पाठविणाऱ्या यंत्रातील घड्याळाची असते. ते घड्याळ कोणी लावले आणि केव्हा, यावर तिची किंमत. तीच गोष्ट क्रमांकाची. आलेल्या पानाच्या माथ्यावर पाठविणाऱ्याचे नाव आणि क्रमांक छापून येतो, परंतु तो टेलिफोन खात्याने दिलेला नसतो. यंत्राच्या मालकाने जो भरून ठेवला असेल तो तेथे उमटतो. नाव बदललेल्या किंवा जागा हलविलेल्या कचेऱ्यांचे जुने नाव त्या पट्टीवर वर्षानुवर्षे तसेच छापले जात असे, ते यामुळेच. खात्याच्या बिलातील नोंद आणि यंत्राची पावती अशा दोन स्वतंत्र गोष्टी जुळल्या, तरच तारखेला बळ येते.

येथवर आपण एका तारेच्या दोन टोकांस दोन यंत्रे कल्पिली. हल्लीच्या कचेरीत असे सरळ चित्र क्वचितच राहिले आहे. फॅक्सयंत्र आणि बाहेरची तार यांच्यामध्ये प्रथम 'ईपीएबीएक्स', म्हणजे कचेरीचे खाजगी एक्स्चेंज आले. बाहेरच्या ओळीसाठी आधी शून्य फिरवावे लागते ते याच्यामुळे. त्यानंतर संगणकांचे जाळे आले. एका इमारतीपुरत्या जाळ्यास 'लॅन' म्हणतात. त्याची सर्वांत प्रचलित रीत 'इथरनेट' ही १९७३ साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट मेटकाफ याने सुचविली. प्रकाशलहरी वाहून नेणारे सर्वव्यापी द्रव्य म्हणून भौतिकशास्त्रज्ञांनी एके काळी कल्पिलेला आणि मग टाकून दिलेला जो 'ईथर', त्याचे नाव तारेला देण्यात आले. त्यात एकाच तारेवर सर्वजण बोलत. दोघे एकदम बोलले की 'कोलिजन', म्हणजे टक्कर होई, आणि दोघेही अनिश्चित काळ थांबून पुन्हा बोलत. पुढे 'स्विच' नावाची पेटी आली. ती गठ्ठ्यावरील पत्ता वाचून तो योग्य त्याच तारेवर सोडते, त्यामुळे टकरींचा प्रश्न जवळजवळ मिटला.

जाळ्यांच्या भाषेत गठ्ठ्याला 'पॅकेट' म्हणतात आणि पत्ते दोन प्रकारचे असतात. 'मॅक' पत्ता हा यंत्राला कारखान्यात मिळालेला ४८ बिटांचा क्रमांक, माणसाच्या जन्मनावासारखा. 'आयपी' पत्ता हा राहत्या जागेसारखा. जागा बदलली की तो बदलतो. कित्येक कचेऱ्यांत तो ठराविक मुदतीसाठी आपोआप दिला जातो, आणि तंत्रज्ञ त्यास चक्क 'लीज', म्हणजे भाडेपट्टा म्हणतात. दोन यंत्रांना चुकून एकच पत्ता मिळाला की 'आयपी कॉन्फ्लिक्ट' ही तक्रार पडद्यावर येते. 'राउटर' हा एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्यात जाण्याची वाट निवडतो, आणि 'गेटवे' म्हणजे गावाची वेस: बाहेर जाणारी प्रत्येक गोष्ट तेथून जाते. भारतात अशा वेशी एकमेकींना जोडण्याचा आरंभीचा मोठा प्रयत्न म्हणजे १९८६ सालचा 'एर्नेट' प्रकल्प. त्यात बंगळूरची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, पाच आयआयटी आणि केंद्र सरकारचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग असे आठ भागीदार होते.

या जाळ्यांवरून टेलिफोनचे बोलणेही जाऊ लागले आणि फॅक्सवर नवे संकट आले. आवाजाचे तुकडे करून प्रत्येक तुकडा, साधारणतः वीस सहस्रांश सेकंदाचा, एकेका पॅकेटात घालतात. एखादे पॅकेट हरवले तर बोलण्यात ते कोणाच्या लक्षातही येत नाही. परंतु ९६०० च्या वेगाने चाललेल्या फॅक्सचे तेवढ्या अवधीत १९२ बिट नाहीसे होतात, आणि आवळून पाठविलेल्या मजकुरात एवढी खोट रेघाच्या रेघा बिघडवू शकते. पॅकेटे कमीजास्त अंतराने येण्यास 'जिटर' म्हणतात. त्यानेही मोडेमचा मेळ सुटतो, म्हणजे बेनच्या लंबकांचे जुनेच दुखणे पुन्हा उद्भवते. यावरील तोड 'टी.३८' या नावाने १९९८ साली मान्य झाली. तीत वेशीवरील उपकरण फॅक्सचा आवाज ऐकून त्यातून अंक काढते, ते अंक पॅकेटांत घालते, हरविण्याची भीती म्हणून पुन:पुन्हा पाठविते, आणि पलीकडच्या वेशीवर त्यांचा पुन्हा आवाज होतो. नवी टेलिफोनजोडणी घेतल्यावर ज्यांचे फॅक्स अर्ध्यावर तुटू लागतात, त्यांनी यंत्र दुरुस्तीला नेण्यापूर्वी जोडणी देणाऱ्यास 'टी.३८ चालू आहे का?' एवढे विचारून पाहावे.

या बदलाने पावतीवरील शब्दाचा अर्थही हळूच बदलला. टी.३८ मध्ये दोन्ही टोकांची यंत्रे अजूनही त्याच क्षणी बोलत असतात. 'मिळाले' हे पलीकडचेच यंत्र म्हणते. परंतु दुसरी एक रीत आहे. तीत आपल्या कचेरीतील 'फॅक्स सर्व्हर', किंवा दूरची एखादी भाड्याची सेवा, पान आपल्याकडे ठेवून घेते आणि सवडीने पुढे पाठविते. येथे पडद्यावर उमटणारे 'पाठविले' हे शब्द पहिल्या मधल्या टप्प्याचे असू शकतात. पलीकडच्या गावी अद्याप घंटाही वाजलेली नसते. ईमेलचे बहुधा असेच आहे. तेव्हा अशा जाळ्यातून नोटीस पाठविणाऱ्याने मधल्या टप्प्याची पोच आणि अखेरच्या यंत्राची पोच या दोन्ही वेगवेगळ्या मागाव्यात. चांगल्या सेवा दुसरी पोच देतात, पण ती काही मिनिटांनी येते आणि तोवर कारकून पडदा बंद करून उठलेला असतो.

पावती हाती आल्यावरही एक काम उरते. जुन्या फॅक्सयंत्रांतील कागद उष्णतेने काळा होणाऱ्या लेपाचा असे आणि त्यावरील अक्षरे प्रकाशाने व काळाने फिकट होत. खटला उभा राहीपर्यंत काही वर्षे गेली की फाइलीतून निघे तो कोरा, पिवळट चिटोरा. म्हणून जाणती माणसे पावती आली त्याच दिवशी तिची साध्या कागदावर झेरॉक्स प्रत काढीत, दोन्ही एकत्र टाचीत, आणि प्रतीवर तारीख घालून सही करीत.